पाचवा नंबर विकायचा की ठेवायचा

२००२च्या हिवाळ्यात मला अमेरिकेतल्या एका फुटबॉल संघाच्या ऑफिसात काम मिळालं, तेव्हा तिथला फुटबॉल गोल नसतो आणि पायानं फारसा खेळत नाहीत, एवढंच मला माहीत होतं. संघाचं आणि गावाचं नाव सांगत नाही. तिथली गोष्ट बाहेर बोलणार नाही अशी सही करून दिली होती, आणि इतक्या वर्षांनंतरही ती मोडायचा धीर होत नाही.

मी पुण्याची, एका कन्सल्टिंग कंपनीच्या व्हिसावर आलेली. कंपनी जिथे पाठवेल तिथे जायचं आणि काम संपलं की पुढच्या कामाची वाट बघत बसायचं. आदल्या वर्षी ते दोन टॉवर पडले आणि आमच्या धंद्यातली कामं आटली. माझा नवरा नागपूरचा, माझ्यापेक्षा हुशार प्रोग्रामर. त्याची नोकरी गेली आणि त्याला माझ्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून नाव लावावं लागलं. डिपेंडंटला काम करायची परवानगी नसते. म्हणजे घरात व्हिसा एकच, तो माझा, आणि तो माझ्या कामाला टांगलेला. काम सुटलं की दोघांनी बॅगा भरायच्या. पोस्टमन जाडसर पाकीट टाकून गेला तरी ते उघडायच्या आधी मी खाली बसून घ्यायची. ऑफिसात कुणी दार लावून बोलत बसलं की मला वाटायचं, माझ्याबद्दलच बोलतायत.

संघात माझं काम दोन प्रकारचं होतं. देशभर फिरून कॉलेजचे खेळाडू बघणारी माणसं जे शेरे लिहून पाठवायची, ते कम्प्युटरमध्ये नीट लावायचे. आणि दुसरं, सौद्यांचा एक प्रोग्राम बनवायचा. तिथे दर एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो. कॉलेजातून बाहेर पडलेले खेळाडू सगळे संघ क्रमाक्रमानं उचलतात. मागच्या हंगामात जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याचा नंबर पहिला. मात्र आपला नंबर आपण वापरलाच पाहिजे असं नाही. वरचा नंबर दुसऱ्या संघाला द्यायचा, आणि त्याबदल्यात त्याचा खालचा नंबर आणि पुढच्या फेऱ्यांमधल्या एकदोन निवडी घ्यायच्या. याला म्हणतात ट्रेड डाउन. एक मोठा मोहरा सोडून तीन मध्यम मोहरे घेण्यासारखं. प्रत्येक नंबरला काही गुण ठरवलेले असतात. समोरचा जे देतोय त्याची बेरीज आपल्या नंबरच्या गुणांइतकी भरते की नाही, हे माझ्या प्रोग्रामनं झटकन सांगायचं.

त्या वर्षी आमचा नंबर पाचवा होता. सगळ्या गावाला एक क्वार्टरबॅक हवा होता, म्हणजे चेंडू फेकणारा, ज्याच्या जिवावर संघ चालतो तो. कोचलाही तोच हवा होता. पण जनरल मॅनेजरच्या मनात वेगळं होतं. ते साठीचे, बारीक, हळू बोलणारे गृहस्थ. सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारायचे. मला ते कधीच जमलं नाही, त्यामुळे मी त्यांना हाकच मारत नसे. त्यांचं म्हणणं होतं की आपल्या क्वार्टरबॅकपुढे जी धिप्पाड माणसांची भिंत उभी असते, तीच आपल्याकडे ढासळलेली आहे. मागे कुणालाही उभं केलं तरी त्याची हाडं मोडणार. तेव्हा पाचवा नंबर विकावा, खाली जावं आणि त्या भिंतीसाठी माणसं घ्यावीत. बाराव्या नंबरवरच्या संघाशी त्यांचं गुपचूप बोलणं चालू होतं. हे ऑफिसात पाचसहा जणांना माहीत होतं. त्यातली एक मी, कारण आकडे मीच मांडत होते.

आणि घरी माझा नवरा.

आमच्या ओळखीचे एक डॉक्टर काका होते, फार पूर्वी मिरजेहून आलेले. त्यांच्याकडे या संघाच्या सामन्यांची पूर्ण हंगामाची दोन तिकिटं असायची. काकूंना थंडी सोसवेना, म्हणून ते माझ्या नवऱ्याला घेऊन जायला लागले. रिकाम्या बसलेल्या माणसाला वेड लागायला काय लागतं? तो लायब्ररीत जाऊन दहा गावांची वर्तमानपत्रं वाचायचा. स्वयंपाक करताना स्पोर्ट्स रेडिओ लावून ठेवायचा. मी ऑफिसातून आले की पोळ्या तयार असायच्या आणि त्याच्याकडे बोलायला दिवसभराचं साठलेलं असायचं.

"आपला नंबर पाचवा आहे ना," तो म्हणायचा. 'आपला' म्हणायचा. "लोक येडे आहेत यार. त्या पोराला घेऊन काय करणार? लाइन कुठाय, ती पुढची भिंत? ट्रेड डाउन करायलाच पाहिजे."

मी म्हणायची, "मला यातलं काही विचारू नकोस."

"मी कुठे विचारतोय? मी सांगतोय."

मी ताटाकडे बघून जेवायची. तो आपल्या बुद्धीनं तिथेच पोचला होता जिथे मॅनेजर पोचले होते. त्याचा अभिमानही वाटायचा आणि भीतीही. काही दिवस मी जेवण झाल्याझाल्या डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडायला लागले.

ड्राफ्टच्या आधीच्या सोमवारी मी ऑफिसातून घरी ड्राइव्ह करत होते. रेडिओवर तेच, क्वार्टरबॅक हवा की नको. निवेदक म्हणाला, आता आपल्याबरोबर आणखी एक श्रोता आहे. आणि गाडीत माझ्या नवऱ्याचा आवाज आला.

आधी मला कळेचना. त्याचं इंग्रजी मी रोज ऐकत नव्हते. 'व्ही'चा 'डब्ल्यू' करत, भराभर बोलत तो लाइनचं सगळं गणित मांडत होता. निवेदक सुरुवातीला त्याची थट्टा करायला गेला, मग ऐकायला लागला. शेवटी त्यानं विचारलं, "बरं, पण घेणार कोण आपला नंबर?"

"बाराव्या नंबरवाले," माझा नवरा म्हणाला. "त्यांचा क्वार्टरबॅक म्हातारा झालाय. त्यांच्याशी बोलणं चालूच असेल, बघा तुम्ही."

सिग्नल हिरवा झाला होता. मागचा हॉर्न वाजवत होता. मी गाडी कशीबशी एका औषधांच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये घातली आणि बसून राहिले. मला पुढचं सगळं दिसायला लागलं. ऑफिसात कुणीतरी ऐकलं असणार. भारतीय उच्चार. ऑफिसात भारतीय एकच. पुढे काय ते विचार करायचीही गरज नव्हती.

घरात पाऊल टाकते तोच फोन वाजला. काका होते, आनंदानं फुटत होते. "अगं, तुझा नवरा रेडिओवर! पहिल्या वाक्यातच ओळखला मी. काय बोलला! शाबास म्हणावं त्याला!"

मी "हो काका" म्हणून फोन ठेवला. काकांनी पहिल्या वाक्यात ओळखला होता.

नवरा ओट्यापाशी उभा होता. चेहरा उजळलेला. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं होतं. माझा चेहरा बघून तो उजेड गेला.

"काय झालं?"

"बाराव्या नंबरचं नाव काहून घेतलंस?" त्याचाच नागपुरी शब्द माझ्या तोंडून आला.

"पेपरात वाचून. डोकं लावून. तू तर काही सांगितलं नाहीस मला."

"खरं सांग."

त्यानं गॅस बंद केला. मग खाली बघत म्हणाला, "परवा तू वरण वाढत होतीस. मी एकेक संघाचं नाव घेत होतो, कोण घेईल आपला नंबर म्हणून. बाराव्याचं नाव घेतलं आणि तुझ्या हातातला डाव मधेच थांबला. नाव आधीपासून माझ्या डोक्यात होतंच. पण तेव्हा खात्री झाली."

मला तो डाव थांबल्याचं आठवतही नव्हतं. मी ओरडले नाही, रडलेही नाही. खुर्चीवर बसले. तो म्हणत राहिला, "कुणाला कळणार आहे? हजार लोक फोन करतात. तू काही बोलू नकोस फक्त." पण त्याचा आवाजही आता घाबरलेला होता. त्यानं रेडिओ बंद केला.

दुसऱ्या दिवशी कोट काढून ठेवायच्या आतच मला मॅनेजरच्या खोलीत बोलावणं आलं. माझा वरचा साहेब, कम्प्युटर विभागाचा प्रमुख, आधीच तिथे बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावर कॅसेट प्लेअर होता. स्टेशनवरून टेप मागवली होती. मॅनेजरनी बटण दाबलं आणि माझ्या नवऱ्याचा आवाज त्या खोलीत यायला लागला. टेप त्यांनी शेवटपर्यंत वाजू दिली.

"हा कोण आहे, तुला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

रात्रभर ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पण त्या हळू आवाजापुढे ते टिकलं नाही. मी म्हणाले, "माझा नवरा."

माझ्या साहेबानं डोळे मिटले.

"तू काय सांगितलंस त्याला?"

"एक शब्दही नाही. तो दिवसभर पेपर वाचतो. त्याला काम करायची परवानगी नाही." आणि मग, का कोण जाणे, मी पुढचंही सांगितलं. तो नावं घेत होता, मी जेवण वाढत होते, आणि एका नावापाशी माझा हात थांबला. डावाला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना, मी नुसतं 'स्पून' म्हणाले. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटत होता.

मॅनेजर हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझी बायकोही ओळखते. मी ताटातलं काय टाकलं त्यावरून." मग माझ्याकडे वळून सावकाश सांगायला लागले, शिकवावं तसं. "माल आपल्याला विकायचाच आहे हे बाजारात कळलं की भाव पडतो. त्यांना वाटायला हवं की आपण त्या मुलाला घेऊ शकतो. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला. तिसऱ्या फेरीतली निवड देणार होते, ती आता देणार नाही म्हणतात. तुझ्या नवऱ्यामुळे की काय, मला कळायला मार्ग नाही. कदाचित एरवीही तसं म्हणाले असते."

मला उभं राहावं की बसून राहावं ते कळेना.

"शनिवारी ड्राफ्टच्या वेळी तुला यावं लागेल," ते म्हणाले. "तो प्रोग्राम दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही. सोमवारचं सोमवारी बघू."

ते मधले दिवस कसे काढले ते आता सांगतानाही अंगावर काटा येतो. घरात रेडिओ बंद. आम्ही दोघं एकमेकांना मीठ दे, पाणी दे, एवढंच म्हणायचो. एकदा मी आले तर मोठ्या बॅगा माळ्यावरून काढून हॉलमध्ये ठेवलेल्या. तो त्यांची चेन नीट लागते का बघत होता. गुरुवारी संध्याकाळी कुणीतरी दार ठोठावलं. दोघंही जागच्या जागी थांबलो. पुन्हा ठोठावलं. त्यानं मला हातानं मागे राहायची खूण केली आणि दार उघडलं. अपार्टमेंटचा माणूस होता, स्मोक अलार्मची बॅटरी बदलायला आलेला. तो शिडीवर चढून शीळ घालत काम करत होता आणि आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे, जणू तो पोलिसच आहे.

त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "माझ्यामुळे झालं."

मी म्हणाले, "झालं ते झालं." मनात तसं नव्हतं. पण ते म्हणताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो मात्र खरा होता.

शनिवारी मी ड्राफ्टच्या खोलीत गेले. खिडकी नसलेली लांबडी खोली, भिंतीभर खेळाडूंच्या नावांच्या पट्ट्या, मधे फोन. एका टेबलावर खाण्याचे ट्रे, कुणी हात न लावलेले. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसले. खोलीत मी एकटीच बाई, आणि एकटीच अशी, जिला पुढे तिथे बसता येईल याची खात्री नव्हती. कोच, खेळाडू बघणारी माणसं, नंतर मालकही येऊन उभे राहिले. टीव्हीवर न्यूयॉर्कचा हॉल दिसत होता. तो क्वार्टरबॅक नव्या सुटात आईशेजारी बसला होता आणि सारखा टाय चाचपत होता. माझ्या मनात आलं, हाही घाबरलाय.

पहिले चार संघ गेले. त्याला कुणी घेतलं नाही. आमचा नंबर आला आणि घड्याळ सुरू झालं. तेव्हा प्रत्येक संघाला पाव तास मिळायचा. कोच पुढे वाकून म्हणाला, "हा समोर आहे. घेऊन टाका. अशी संधी परत येत नाही." खेळाडू बघणाऱ्यांपैकी एक म्हातारा म्हणाला, "आणि त्याला उभा कोणाच्या मागे करणार?" बोलाचाली सुरू झाली. फोन वाजला. बाराव्या नंबरवाले. मॅनेजरनी ऐकून घेतलं, फोनवर हात ठेवला आणि खोलीच्या पलीकडून मला विचारलं, "बारावा आणि दुसऱ्या फेरीतली निवड. भरतं का?"

मी आकडे टाकले. बोटं चुकली, पुन्हा टाकले. भरत नव्हतं. नेमकी त्या तिसऱ्या फेरीतल्या निवडीएवढीच तूट होती. मला ते मोठ्यानं सांगावं लागणार होतं, सगळ्यांसमोर. ज्यांना टेपचं माहीत होतं ते माझ्याकडे बघत होते.

"भरत नाही," मी म्हणाले. "कमी आहे."

मॅनेजरनी फोनवर एकच शब्द उच्चारला, "नाही," आणि फोन ठेवला.

कोचचा चेहरा खुलला. त्याला वाटलं, आता मुलगा आपलाच. घड्याळ चालत राहिलं. न्यूयॉर्कच्या टेबलावर बसलेल्या आपल्या माणसाला कोणतं नाव कळवायचं, असं कुणीतरी विचारलं. मॅनेजर दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसून राहिले. ते माझ्यावर रागावलेत, की गावावर, की नुसते वाट बघतायत, काही कळत नव्हतं. वेळ संपून नंबर हातातून गेला तर त्याचा दोष कुठे जाईल ते मला माहीत होतं. मी मनात रामरक्षा म्हणायला लागले आणि दुसऱ्याच ओळीत अडकले.

वेळ संपायला थोडासा अवकाश होता तेव्हा फोन पुन्हा वाजला. मॅनेजरनी ऐकलं, मला एक बोट वर करून दाखवलं आणि म्हणाले, "तिसऱ्या फेरीतलीही देतायत."

"भरतं," मी म्हणाले.

सौदा झाला. कोच खुर्ची मागे ढकलून बाहेर निघून गेला. टीव्हीवर तो मुलगा उठला, आईला मिठी मारली, आणि दुसऱ्याच संघाची टोपी घालून व्यासपीठावर गेला. बाहेर आमचं गाव संतापलं असणार. आत लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मॅनेजरनी माझ्याकडे बघितलं नाही. मी स्वच्छतागृहात जाऊन गार पाण्याखाली मनगटं धरून उभी राहिले.

सोमवारी त्यांनी बोलावलं नाही. माझ्या साहेबानं बोलावलं. करार उन्हाळ्यापर्यंत आहे, तो पुरा होईल, पुढे वाढणार नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "प्रोग्राम तयार झाला ना. आता काम काय?" ते खरंही होतं. रेडिओचं नाव त्यानं काढलं नाही, मीही नाही. खरं कारण कोणतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

उन्हाळा संपायच्या आत कंपनीनं मला नोव्हाय नावाच्या दुसऱ्याच एका गावाला पाठवलं, मोटारींच्या एका कारखान्यासाठी काम करायला. ते कळेपर्यंतचे आठवडे आम्ही बॅगा माळ्यावर परत ठेवल्या नाहीत.

निकाल काय लागला ते नवराच सांगायचा. तो क्वार्टरबॅक दुसरीकडे चांगला खेळला, दोनतीन वर्षं फारच चांगला, मग खांदा गेला. आम्ही त्याच्या बदल्यात घेतलेल्यांपैकी एकाचा गुडघा पहिल्याच सरावात फुटला. एकाला वर्षभरात काढून टाकलं. तिसरा, भिंतीतला एक प्रचंड शांत माणूस, वर्षानुवर्षं त्याच जागी उभा राहून खेळला. त्याचं नाव गावात फारसं कुणाला ठाऊक नसेल. मी काकांना एकदा फोनवर विचारलं, "मग काका, फायदा झाला की तोटा?"

काका हसले. "अगं, हरतातच की अजून."

नवऱ्याला पुढे ग्रीन कार्डाच्या रांगेत कामाची परवानगी मिळाली आणि तो आता माझ्यापेक्षा जास्त व्यग्र असतो. मॅनेजरना संघानं दोन हंगामांनंतर काढलं. नवऱ्यानंच पेपरातली बातमी दाखवली. फोटोत ते पार्किंगमधून खोका उचलून नेत होते. ज्यांच्या एका शब्दावर माझं सगळं अवलंबून होतं त्या माणसाचंही असं झालं, म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी पेपर घडी करून ठेवला आणि कामावर गेले. दुपारी माझ्या तिथल्या मॅनेजरनं दारातून डोकावून म्हटलं, "जरा येतेस का?" तिला फक्त प्रिंटर कसा चालू करायचा ते विचारायचं होतं. पण तिच्या खोलीपर्यंत जाईतो मी मनातल्या मनात घर आवरून बॅगाही भरून टाकल्या होत्या.